बेस मॉडेलची तुलना कुणाशी करायची?

अमेरिकन मसल कारच्या, म्हणजे ताकदवान इंजिनाच्या दोन दारी गाड्यांच्या, परीक्षणांत एक सल्ला हमखास भेटतो: गाडी ठीक आहे, पण थोडे पैसे अजून टाका आणि व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं मोठं इंजिन घ्या. फोर्डची मस्टँग असो, शेव्हरोलेची कॅमॅरो असो की डॉजची चॅलेंजर, सगळ्यात स्वस्त, म्हणजे बेस मॉडेलबद्दल लिहिणारा फिरून फिरून याच मुक्कामाला येतो. ‘थोडे’ म्हणजे किती, ते मात्र धड कुणी सांगत नाही. २०११ साली व्ही-६ मस्टँग २२,९९५ डॉलरला मिळायची आणि व्ही-८ इंजिनाची जीटी तीस हजारांच्या पुढे होती. मधलं अंतर सात हजारांहून जास्त, म्हणजे मूळ किमतीच्या जवळपास एक तृतीयांश. पाच वर्षांचं कर्ज काढून गाडी घेणाऱ्याला हा आकडा थोडा वाटत नाही. त्यात विम्याचा हप्ता वेगळा, पेट्रोल वेगळं, मागच्या रुंद टायरांचा खर्च वेगळा.

मला ही तुलनाच चुकीची वाटते. गाडी घ्यायला निघालेला माणूस खिशाकडे बघून यादी करतो, आणि त्या यादीत त्याच किमतीच्या चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या असतात. बेस मॉडेल त्या चार गाड्यांशेजारी उभं करून तपासायला हवं. समीक्षक त्याला घरातल्याच थोरल्या भावंडाशेजारी उभं करतात आणि उंची मोजतात. या पद्धतीने गेल्या पंधरा वर्षांत काही खरोखर चांगल्या गाड्यांवर अन्याय झाला, आणि त्याची किंमत आज सामान्य गिऱ्हाईक मोजतं आहे.

मुळात मस्टँग जन्माला आली तीच स्वस्त गाडी म्हणून. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने ती लोकांपुढे आणली, तेव्हा किंमत होती २,३६८ डॉलर. महागाईचा हिशोब लावला तर आजचे साधारण २४-२५ हजार. त्या पैशांत १७० घन इंचांचं, म्हणजे २.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन मिळायचं, १०१ हॉर्सपॉवर आणि तीन गियर. इंजिन आणि खालचा बराचसा सांगाडा फोर्डच्याच फाल्कन या साध्या घरगुती गाडीचा. पण पुढे दोन सुट्या बकेट सीट, जमिनीतून वर आलेला गियर, खाली गालिचा, लांब बॉनेट आणि आखूड डिक्की हे सगळं त्याच किमतीत. पुढे ज्याला जेवढं परवडेल तेवढं त्याने वाढवावं, त्यासाठी पर्यायांची लांबलचक यादी होतीच. फोर्डचे वरिष्ठ अधिकारी ली आयाकोका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळा डाव या मांडणीवर लावला होता. पहिल्याच दिवशी सुमारे २२ हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली, पहिल्या वर्षात चार लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत दहा लाखावी मस्टँग कारखान्यातून बाहेर पडली. जाणकार म्हणतील की खरी मसल कार त्याच वर्षी आलेली पाँटिॲकची जीटीओ, ३८९ घन इंचांची आणि ३२५ हॉर्सपॉवरची, आणि मस्टँग ही पोनी कार, म्हणजे आटोपशीर, परवडणारी हौशी गाडी. मान्य. पण आज रस्त्यावर, शोरूममध्ये आणि परीक्षणांत हे दोन्ही वंश एकत्र झाले आहेत, आणि त्यातला जो टिकला तो स्वस्त इंजिनाची सोय ठेवणारा.

सहा सिलिंडरच्या मस्टँगला ‘सेक्रेटरीची गाडी’ म्हणून हिणवण्याची अमेरिकेत जुनी रीत आहे. १९६६ च्या सुमारास फोर्डनेच या गाडीची जाहिरात एकट्या कमावत्या मुलींना डोळ्यांपुढे ठेवून केली होती, आणि ते धोरण म्हणून शहाणपणाचंच होतं. स्वतःच्या पगारावर स्वतःच्या नावाने गाडी घेणारी बाई ही तेव्हा नवी गोष्ट होती. ज्या गाडीने तिला ती मोकळीक दिली, तिच्याकडे पाहून नाक मुरडायचं यात गाडीच्या तांत्रिक गुणदोषांचा काय संबंध? इंजिन लहान म्हणून गाडी बायकांची, आणि बायकांची म्हणून हलकी, अशी ही साखळी होती. आजच्या परीक्षणांत तो शब्द कुणी वापरत नाही, पण लहान इंजिन घेणारा माणूस दर्दी नाही हे गृहीतक तिथूनच आलं आहे.

अर्थात काही वर्षं ही नाराजी पूर्णपणे रास्त होती, हेही सांगायला हवं. १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा, ताकदवान गाड्यांवर विमा कंपन्यांनी चढवलेले हप्ते आणि १९७३ चं तेलसंकट या तिन्हींनी मिळून मसल कारचा कणा मोडला. १९७४ च्या मस्टँग टूमध्ये व्ही-८ नव्हतंच, आणि सर्वांत स्वस्त गाडीचं २.३ लिटरचं चार सिलिंडर इंजिन ८८ हॉर्सपॉवर द्यायचं. १९८२ च्या नव्या कॅमॅरोचं तर विचारूच नका. दिसायला बाणासारखी, आणि बेस मॉडेलच्या बॉनेटखाली ‘आयर्न ड्यूक’ नावाचं अडीच लिटरचं ९० हॉर्सपॉवरचं इंजिन. शून्यापासून ताशी ९६ किलोमीटरपर्यंत जायला तिला वीस सेकंदांच्या आसपास लागायचे. अशा गाडीला समीक्षकांनी झोडलं तर त्यात चूक नाही. १९९४ च्या व्ही-६ मस्टँगमध्येही १४५ हॉर्सपॉवरच होती. चाळीस-पन्नास वर्षांचे आजचे समीक्षक याच गाड्या बघत मोठे झाले. त्यांची मतं तिथे तयार झाली, आणि गाड्या बदलल्या तरी मतं तिथेच राहिली.

बेस मॉडेल दोन तऱ्हांनी बनवता येतं. एक मस्टँगची तऱ्हा: इंजिन लहान करा, थाट तसाच ठेवा. दुसरी १९६८ च्या प्लिमथ रोड रनरची: थाट काढून टाका, इंजिन ठेवा. रोड रनरची किंमत २,८९६ डॉलर होती. आत टॅक्सीत असते तशी सलग बाकासारखी सीट आणि गालिच्याऐवजी रबराची चटई. पण बॉनेटखाली ३८३ घन इंचांचं ३३५ हॉर्सपॉवरचं व्ही-८, तेही बेस किमतीत. वायफळ खर्च म्हणावा तर एकच होता: कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला वॉर्नर ब्रदर्सला दिलेले ५० हजार डॉलर, आणि त्या पक्ष्यासारखा ‘बीप बीप’ करणारा हॉर्न. कंपनीने वीस हजारांच्या आसपास विक्री धरली होती, प्रत्यक्षात पहिल्याच वर्षी ती ४४ हजारांच्या वर गेली. समीक्षकांना ही दुसरी तऱ्हा मनापासून आवडते आणि मलाही आवडते. पण तिचं कौतुक करताना हे विसरलं जातं की रोड रनरसुद्धा बेस मॉडेलच होतं. स्वस्त गाडी आपोआप कमअस्सल ठरत नाही, हे सिद्ध करणारी ती सर्वांत मोठी साक्ष आहे.

२०१० आणि २०११ मध्ये जे घडलं ते मला अलीकडच्या काळातलं सर्वांत महत्त्वाचं वळण वाटतं, आणि त्याची हवी तेवढी दखल घेतली गेली नाही. २०१० च्या कॅमॅरोमध्ये ३.६ लिटरचं व्ही-६ आलं, ३०४ हॉर्सपॉवरचं. पुढच्याच वर्षी मस्टँगने २१० हॉर्सपॉवरचं जुनाट चार लिटरचं व्ही-६ काढून ३.७ लिटरचं ३०५ हॉर्सपॉवरचं बसवलं, आणि चॅलेंजरने ३.६ लिटरचं पेंटास्टार, तेही ३०५ चं. आता २०१० ची व्ही-८ मस्टँग जीटी बघा: ३१५ हॉर्सपॉवर. २००४ ची जीटी तर २६० वरच होती. म्हणजे एका रात्रीत सर्वांत स्वस्त मॉडेलने कालच्या जीटीला जवळजवळ गाठलं आणि परवाच्या जीटीला मागे टाकलं. साठच्या दशकातल्या आकड्यांशी थेट तुलना करता येत नाही, कारण १९७२ पूर्वी इंजिन गाडीबाहेर, पंखा-सायलेन्सरचा भार काढून मोजायचे आणि आकडे फुगायचे. तो फुगवटा वजा केला तर अनेक दंतकथा झालेल्या व्ही-८ गाड्या या ‘बेस’ व्ही-६ च्या मागे पडतात. शिवाय ऑटोमॅटिक मस्टँग व्ही-६ हायवेवर गॅलनला ३१ मैल जायची, म्हणजे लिटरला तेरा किलोमीटर. तीनशेच्या वर हॉर्सपॉवर आणि तीस मैलांच्या वर ॲव्हरेज ही जोडी जमवणारी ती पहिली गाडी, असं फोर्डने अभिमानाने सांगितलं होतं.

आता माझ्या म्हणण्याप्रमाणे तुलना करून पाहू. २०११ मध्ये बावीस-तेवीस हजार डॉलर घेऊन मागच्या चाकांवर चालणारी दोन दारांची नवी गाडी घ्यायची तर समोर होती ह्युंदाईची जेनेसिस कूप. त्या किमतीत तिचं दोन लिटरचं टर्बो इंजिन २१० हॉर्सपॉवर द्यायचं. तिच्याच व्ही-६ ची ताकद मस्टँगएवढी होती, पण त्यासाठी बेस मस्टँगपेक्षा बरेच जास्त पैसे मोजावे लागत. निस्सानची ३७०झी ३३२ हॉर्सपॉवरची, पण किंमत तीस हजारांपुढे आणि सीट दोनच. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय २०० ची, आणि पुढच्या चाकांवर चालणारी. या रांगेत ३०५ हॉर्सपॉवरची मस्टँग उभी केली तर निकाल सांगायला वेगळ्या समीक्षकाची गरज उरत नाही.

दोन वर्षांनी टोयोटा आणि सुबारूची जुळी कूप, म्हणजे दोन दारांची गाडी आली. अमेरिकेत टोयोटाने ती सायन एफआर-एस नावाने २५ हजारांच्या आसपास विकली. दोनशे हॉर्सपॉवर आणि सुमारे १,२५० किलो वजन. समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं, आणि ते योग्यच झालं. वळणावर ती गाडी हाताच्या बोटांवर नाचते. पण तिच्या कमी ताकदीला ‘शुद्धता’ म्हणायचं आणि मस्टँगच्या व्ही-६ ला ‘तडजोड’, हे मला पटलं नाही. मस्टँगचं वजन तीनशेहून जास्त किलोंनी अधिक, हे खरं. तरी टनामागे हॉर्सपॉवर काढली तर मस्टँग १९० च्या पुढे जाते आणि टोयोटा १६० वर थांबते. एकीला तिच्या हेतूवरून गुण दिले आणि दुसरीला तिच्या महागड्या भावंडावरून वजा केले. मापच वेगळं असेल तर स्पर्धा कसली?

कॅलिफोर्नियात फिरायला गेलेल्या पुष्कळ मराठी कुटुंबांनी ही बेस मस्टँग चालवली आहे, बहुतेकांनी नाव न विचारता. लॉस एंजेलिस किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर भाड्याने मिळणारी उघड्या टपाची मस्टँग बहुधा बेस मॉडेलच असायची. मीही हायवे एकवर बिग सरच्या वळणांत ती चालवली आहे. समोर समुद्र, डावीकडे-उजवीकडे सतत स्टिअरिंग. नाकाडात जड व्ही-८ नसल्यामुळे वळणात शिरताना पुढचा भाग सहज वळतो, हे तिथे हाताला कळलं. रस्ता खराब झाला की मात्र मागचा सलग आक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, अंग चोरून बाजूला उडायचा, आणि मांडीवरचा फोन खाली पडायचा. तो दोष व्ही-६ चा नव्हता, जीटीतही हाच आक्सल होता. २०१५ च्या मस्टँगमध्ये मागच्या दोन्ही चाकांचं सस्पेन्शन एकमेकांपासून सुटं झालं आणि ती तक्रार संपली.

दोष होतेच, आणि किमतीची तुलना केली म्हणून ते झाकले जात नाहीत. कॅमॅरोतून बाहेर नीट दिसत नाही. खिडक्या इतक्या अरुंद की मागे घेताना मान मोडते, आणि डिक्कीचं तोंड इतकं लहान की मोठी बॅग आडवी-तिडवी करून कोंबावी लागते. चॅलेंजर बेस असली तरी सतराशे किलोंच्या वर, आणि व्ही-६ ला मॅन्युअल गियर नव्हताच. २०१५ पासूनच्या चार सिलिंडर मस्टँगचा आवाज स्पीकरमधून वाढवून ऐकवला जातो, ही मला गिऱ्हाइकाची फसवणूकच वाटते. आवाज नसेल तर नसू द्या. व्ही-८ चा आवाज आणि खालच्या गतीतला जोर यांना पर्याय नाही, हे व्ही-८ वाल्यांचं म्हणणं मी नाकारत नाही. ज्याला ते हवे आहेत त्याने त्यासाठी जास्त पैसे मोजावेत. ते न मोजणाऱ्याच्या गाडीला त्या आवाजाच्या अभावासाठी नापास करू नये, एवढंच.

सगळ्यात मोठा अन्याय झाला तो २०१६ च्या कॅमॅरोवर. दोन लिटरचं टर्बो, २७५ हॉर्सपॉवर, किंमत पावणेसत्तावीस हजारांच्या आसपास. वजन १,५१५ किलो, कॅमॅरोच्याच व्ही-८ इंजिनाच्या एसएस मॉडेलपेक्षा दीडशे किलोंहून जास्त हलकी. सांगाडा कॅडिलॅकच्या गाड्यांचा, कॅडिलॅकच्या स्पोर्ट सेडानसाठी बनवलेला. आणखी दीड हजार डॉलर दिले की ३३५ हॉर्सपॉवरचं व्ही-६. २०१९ मध्ये तर टर्बोलाही ट्रॅकवर पळवण्यासाठीचं १एलई पॅकेज मिळालं, मोठे ब्रेक आणि कडक सस्पेन्शनसह. आजही जुन्या गाड्यांच्या बाजारात कुणी मला विचारलं तर मी याच गाडीचं नाव घेईन. ती विकत घ्यायला हवी तेवढी माणसं आली नाहीत, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कॅमॅरोचं उत्पादन थांबलं. याचं खापर एकट्या समीक्षकांवर फोडता येणार नाही, अरुंद काचांनीही गिऱ्हाईक पळवलं. पण मस्टँगशी तुलना करताना लेखांत कायम एसएस विरुद्ध जीटी असायचं. सत्तावीस हजारवाल्याला वाचायला काय होतं?

यात एक हिशोब असाही आहे जो व्ही-८ च्या भक्तांनी समजून घ्यायला हवा. अमेरिकेत इंधन बचतीचे नियम एकेका गाडीला लागू होत नाहीत, कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीला लागू होतात. गॅलनला ३१ मैल जाणारी प्रत्येक व्ही-६ मस्टँग त्या सरासरीत व्ही-८ साठी थोडी जागा करून देत होती. शिवाय नव्या सांगाड्याचा, टक्कर चाचण्यांचा, कारखान्यातल्या साच्यांचा खर्च हजारो बेस गाड्यांवर विभागला जातो. भाड्याच्या गाड्या, पहिली नोकरी लागलेल्यांच्या गाड्या, निवृत्त झाल्यावर हौस म्हणून घेतलेल्या गाड्या, या सगळ्यांनी मिळून जीटी जगवली. २०२५ च्या कायद्याने ती सरासरी चुकवल्याचा दंड शून्यावर आणला. त्यामुळे बेस मॉडेल चांगलं ठेवण्याचं एक सरकारी कारणही गेलं.

भारतात तर मस्टँगची बेस आवृत्ती कधी आलीच नाही. २०१६ मध्ये फोर्डने मस्टँग इथे आणली ती फक्त पाच लिटर व्ही-८, ऑटोमॅटिक, दिल्लीत शोरूमची किंमत ६५ लाख. ४० हजार डॉलरांच्या आतल्या आणि तीन लिटरहून लहान पेट्रोल इंजिनाच्या आयात गाड्यांना शुल्काचा दर कमी होता, तरीही चार सिलिंडरची २.३ लिटरची मस्टँग बोटीवर चढली नाही. म्हणून मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर मस्टँग म्हणजे बिल्डरची किंवा नटाची गाडी असं समीकरण झालं. टॉप मॉडेल नसेल तर घेऊच नये, असं मानणाऱ्या आपल्या बाजारात ते सहज पटलंही. ही गाडी शिकागोच्या शिक्षिकेला परवडावी म्हणून बनली होती, हे इथे सांगितलं तर खरं वाटत नाही.

आज या वर्गात जवळजवळ एकच बेस मॉडेल उरलं आहे. चॅलेंजरही २०२३ च्या डिसेंबरात बंद झाली. तिच्या जागी आलेल्या डॉजच्याच चार्जर या गाडीच्या पेट्रोल आवृत्तीचं ‘साधं’ मॉडेल ४२० हॉर्सपॉवरचं आहे आणि किंमत ५० हजारांच्या आसपास. त्याला बेस म्हणणं हे फक्त किंमतपत्रिकेतलं स्थान झालं. उरली मस्टँग: मिशिगनमधल्या फ्लॅट रॉकच्या कारखान्यात बनणारी, २०२४ च्या नव्या रूपात ३१५ हॉर्सपॉवरची, त्या वर्षी वाहतूक खर्च धरून साडेबत्तीस हजारांच्या घरात. लोक म्हणतात ती महाग झाली. मला तसं वाटत नाही. २०११ चे २२,९९५ डॉलर महागाई धरून २०२४ चे ३२ हजार होतात, म्हणजे खरी किंमत तेव्हा होती तिथेच राहिली होती. बिघडलं ते वेगळंच: २०२३ पर्यंत चार सिलिंडर मस्टँगला सहा गियरचा मॅन्युअल गियरबॉक्स मिळायचा, २०२४ पासून तो काढून टाकला. क्लच दाबून स्वतः गियर टाकायचा असेल तर जीटी घ्या, म्हणजे दहा हजार डॉलरांहून जास्त मोजा.

‘व्ही-८ घ्या’ हा सल्ला आता कंपनीने गिऱ्हाइकाच्या गळ्यातच बांधला आहे. तीस हजारांच्या आसपासच्या टोयोटा जीआर८६ आणि माझदा एमएक्स-५ अजूनही बेस मॉडेललाच मॅन्युअल गियर देतात. २०११ मध्ये किमतीच्या तुलनेत निर्विवाद जिंकलेली मस्टँग आज, ताकद जास्त असूनही, गाडी चालवण्याची आवड असलेल्या तरुणाला त्या दोघींपेक्षा कमी देते. हे जीटीशेजारी उभं राहून दिसत नाही, तिथून फक्त हॉर्सपॉवरचा फरक दिसतो. समीक्षकांनी यापुढे स्वस्त मस्टँग चाचणीला नेताना सोबत जीआर८६ न्यावी, जीटी घरी ठेवावी. आणि फोर्डने तो सहा गियरचा गियरबॉक्स बेस मॉडेलला परत द्यावा. गियरबॉक्स आणि इंजिन दोन्ही त्यांच्याकडे आहेत, आणि २०२३ पर्यंत ते एकाच गाडीत बसत होते.